मपलं नाव

हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या मुलीनं स्क्रीनकडे बघत काकूंना सांगितलं, की तुम्ही मयत आहात. अगदी साध्या आवाजात सांगितलं, आधारची झेरॉक्स राहिलीय असं सांगावं तसं. मी शेजारीच उभा होतो. काकूंनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "व्हय, ती मेलीया. मी दुसरी हाय."

त्या मुलीला काही उमगलं नाही. मलाही नाही. पण स्क्रीनवर लाल अक्षरांत आलेली ओळ मी चांगली ओळखत होतो, कारण ती मीच टाइप केली होती. 'या नावाची नोंद आधीच आहे. दुबार नोंद करता येणार नाही.'

मी डेटाबेसचं काम करतो. मूळचा लातूरकडचा, पोटासाठी हिंजवडीला आलेला. आमची कंपनी लहान, हॉस्पिटलांची सॉफ्टवेअरं करते, आणि पौडच्या पुढे जे ट्रस्टचं हॉस्पिटल आहे त्याचं कामही आमच्याचकडे. काकू म्हणजे हिंजवडीलगतच्या माण गावातल्या माझ्या घरमालकीण. एके काळी भात पिकायचा त्या जागेवर आता त्यांच्या खोल्या उभ्या आहेत, आणि त्यांतली वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली माझी. काकूंच्या पोटात कळा येत होत्या. माणच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं, की पित्ताशय खड्यांनी भरलंय, आत पू व्हायला लागलाय, ह्याच आठवड्यात काढून टाका, नाहीतर विष अंगभर पसरेल आणि मग काही हातात राहणार नाही. काका मला म्हणाले, तितलं कॉम्प्युटर तुमच्या कंपनीचं हाय म्हनं, तर तुमी चला संगं. मी गेलो. जा म्हटलं की जायचं, बस म्हटलं की बसायचं, असे माझे ते दिवस होते.

कारण मागच्या वर्षी माझी बायको गेली. डेंग्यूचं निमित्त झालं. आम्ही इथंच जवळ, चांदे गावात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. तो सोडला आणि दोन बॅगा घेऊन माणला आलो. लोक म्हणायचे, रड बाबा, मोकळा हो. रडू यायला काहीतरी वाटावं लागतं. दाढ काढताना सुई मारली की गाल दुसऱ्याचाच वाटतो, तसा मी सगळाच्या सगळा झालो होतो. कामात मात्र एक चूक होत नव्हती. टीम लीड खूश होता. माणूस आतून बंद पडला की ऑफिसला फार आवडतो, हे मला त्या वर्षात कळलं.

घरून आईचा फोन यायचा. एक स्थळ होतं. मुलगी चांगली आहे, घरचे शेतकरी आहेत, तिचंही पहिलं मोडलेलं आहे, सगळं सांगून झाल्यावर आई म्हणाली की नावाचं काय, नाव लग्नात बदलता येतं. आपण पहिलीचं होतं तेच ठेवू. तुझ्या बाबांच्या तोंडात तेच बसलंय, आता म्हातारपणी त्यांना दुसरं कुठं येणार. मी म्हणालो, बघू. फोन ठेवला आणि भांडी घासली.

आता त्या लाल ओळीचं सांगतो. टेबलात माणसामागे एक ओळ असते, आणि ती ओळ नेमकी कुणाची हे सांगणारं काहीतरी लागतं. त्याला आम्ही 'की' म्हणतो. आणि एकच गोष्ट दोन ओळींत येऊ नये म्हणून दारावर जो पहारेकरी बसवतो, तो युनिक कन्स्ट्रेंट. त्या हॉस्पिटलात एकच माणूस चार वेळा नोंदला जायचा. आज केसपेपर हरवला, काढा नवा. उद्या पुन्हा हरवला, पुन्हा नवा. लीडनं डोकं लढवलं. नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख हे पाचही जुळलं तर माणूस तोच, दुसरी ओळ होऊ द्यायची नाही. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. ह्या उंटावरच्या शहाण्यांत एकालाही सुचलं नाही, की आपल्याकडं गुरुजी शाळेत नाव घालताना सगळ्या पोरांना एक जूनला जन्माला घालतात. माझाही वाढदिवस एक जूनच. लीडचाही. त्या दिवशी अर्ध्या ऑफिसचा मिळून एकच केक येतो, आणि तरीही जन्मतारखेवरून माणूस ओळखायचा म्हणे!

परत येताना काकूंनी गाडीत सगळं सांगितलं. काका गाडी चालवत होते.

काकांची पहिली बायको वारली. काकू वरच्या मुळशीतल्या, धरणाच्या पल्याडच्या. भाऊ मोठे करता करता त्यांचं वय उलटून गेलेलं, म्हणून बिजवराला दिल्या. लग्नात तांदळाचं ताट पुढं आलं आणि काकांनी अंगठीनं त्यात नाव लिहिलं, ते पहिलीचं. सासूनं आधीच ठरवून ठेवलं होतं. म्हातारीच्या तोंडात तेच बसलेलं. शिवाय तिचं म्हणणं, की नाव तेच ठेवलं म्हणजे गेलेलीचा जीव घुटमळत नाही, तिला वाटतं आपलंच घर चाललंय. गळ्यात सवतीचा टाक, म्हणजे तिच्या नावानं घडवलेली चांदीची छोटी प्रतिमा, घातला, अजून आहे. काकू स्वतःच हसल्या आणि म्हणाल्या, सासूनं एकदा नाव ठिवलं आन् मंग जलमभर नावंच ठिवली.

खरा घोळ पुढं झाला. रेशनकार्डावर पहिलीचं नाव होतं. नव्या बायकोचं नावही तेच. मग कमी कशाला करा आणि चढवा कशाला? काम वाचलं. आधार काढायची वेळ आली तेव्हा ते कार्ड नेलं, त्यावरून पहिलीची जन्मतारीखही काकूंच्या नावावर आली. नाव तिचं, नवरा तिचा, गाव तेच, तारीख तिचीच. आमच्या पाचही अटी अशा जुळल्या, की पहारेकऱ्यानं काकूंना दारातच अडवलं. त्याचं तरी काय चुकलं?

काकूंना मी विचारलं, की तुमचं आधीचं नाव काय होतं. त्यांनी सांगितलं. आणि म्हणाल्या, "मपलं नाव त्ये." मपलं हा शब्द मी ह्याच भागात पहिल्यांदा ऐकला. माझं म्हणतात ते कशालाही म्हणतात, माझा तालुका, माझी एसटी. मपलं म्हणजे जे दुसऱ्या कुणाचंच नाही ते.

ऑफिसात मी लीडला सांगितलं. तो म्हणाला, त्यात काय, जुनी ओळ आहे ना, तिच्यातलं मयत 'होय'चं 'नाही' करून टाक. एक अपडेट, संपला विषय. मला काही वावगं वाटलं नाही. मला तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं. ती ओळ उघडून बघितली. जुने कागद कॉम्प्युटरवर चढवले तेव्हाची होती. रक्तगट, दोन बाळंतपणं, आणि शेवटी ऑपरेशन, ह्याच हॉस्पिटलातलं. त्यापुढं मयत. 

संध्याकाळी जाऊन काकूंना सांगितलं, की काम झाल्यात जमा आहे, उद्या जुनंच कार्ड उघडून देतो. काकू दारात तांदूळ निवडत होत्या. कळ येऊन गेली होती, चेहरा पिवळा दिसत होता. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"त्या नावाची बाई तितं टेबलावर गेली, ती परत आली न्हाई," त्या म्हणाल्या. "मी त्या नावानं आत जायची न्हाई. हितंच मरंन."

काका आतून म्हणाले, की येडेपणा करू नको. काकूंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. त्या म्हणाल्या की घरात त्या नावानं राहिले, देवाला त्या नावानं नारळ फोडला, कधी कुरकुर केली नाही. पर तितं मरणबी तिचंच घेऊ का? त्यांच्या आवाजात राग नव्हता. पोरीनं काळोख्या खोलीत जायला नाही म्हणावं तशी साधी भीती होती, आणि ती काही केल्या हलणारी नव्हती. काकांनी समजावलं, शेजारणीनं समजावलं. घोडं तिथंच अडलं. एकीकडं आठवड्याची मुदत, एकीकडं हे नाव.

मी खोलीत आलो आणि जेवलो नाही. आईचं बोलणं डोक्यात फिरायला लागलं, तेच ठेवू, तोंडात बसलंय. मी नुसतं पाणी प्यायलो.

दुसऱ्या दिवशी लीडला म्हणालो, की ते अपडेट मी करणार नाही. नियमच काढू. नावावरून माणूस ओळखायचा हीच मुळात चूक आहे. नाव बदलतं, गाव बदलतं, तारीख तर गुरुजींनी दिलेली असते. ओळख म्हणून ज्याला काही अर्थ नाही असा नुसता नंबर द्यायचा. तपासण्या, औषधं, बिलं, सगळी टेबलं त्या नंबराला जोडायची. त्या नंबराचा पहारा कडक ठेवायचा आणि नावाचा ढिला करायचा. तसंच नाव आधी असेल तर दार बंद करायचं नाही, काउंटरवरच्या मुलीला सांगायचं की अशी एक नोंद आहे, हीच का ती, जरा विचारून बघ. आणि आधारवरचं नाव एका रकान्यात, माणूस सांगेल ते नाव दुसऱ्या रकान्यात.

लीड हसला. एका पेशंटसाठी सगळा स्कीमा, म्हणजे टेबलांची अख्खी मांडणी, बदलायची काय, म्हणाला. आणि गंमत म्हणून वर एक वाक्य टाकलं, की तुझ्या काकूंना काय फरक पडतो, नाव तर तेच आहे.

मग माझा आवाज चढला. काय बोललो ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं, की त्याला म्हणालो, मेलेल्या बाईचं रक्त ह्या बाईच्या फाइलला चिकटवतोस आणि वर विचारतोस फरक काय? लोक डेस्कवरून वळून बघायला लागले. वर्षभर ज्यानं कुणाला 'अरे' म्हटलं नाही तो ओरडत होता. मी तसाच बाहेर गेलो आणि थेट हॉस्पिटलात भुलीच्या डॉक्टरबाईंना फोन लावला, नोकरी गेली तर गेली म्हणून. बाईंनी ऐकून घेतलं आणि रक्तगटाचं ऐकल्यावर त्या माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडल्या, लीडच्या नावानं. मग सगळं झटपट झालं. आपण सांगून जे होत नाही ते क्लायंटनं सांगितलं की हुकूम म्हणून होतं.

बदल करायला मलाच बसवलं. जुना नियम काढला, नंबर चढवले, एकेक टेबल त्याला जोडून बघितलं. तुटलेलं कुठं काही राहिलं नाही. काकांच्या पहिल्या बायकोची ओळ तशीच राहिली, तिच्या नंबरासकट. तिच्यातला मयताचा रकाना मी बघितला आणि हात लावला नाही.

काकूंना सांगायला गेलो, की तुम्हाला आता नवा नंबर आहे. नाव तुम्ही सांगाल ते. आधारचं मागं बारीक अक्षरांत राहील, त्याला इलाज नाही. काकूंनी विचारलं, आन् मी मेल्यावं? मी म्हणालो, तरी तो तुमचाच. आमच्यात एकदा दिलेला नंबर दुसऱ्याला देत नाहीत. मालक गेला तरी तो तसाच ठेवतात. काकूंनी मान डोलावली. ह्ये बरं हाय, म्हणाल्या, तुमच्या कॉम्प्युटरला माझ्या सासूपरीस जास्त अक्कल हाय.

ऑपरेशनच्या दिवशी काकूंच्या मनगटाला पट्टी बांधली. त्यांना बारीक अक्षर लागत नाही, म्हणून मला म्हणाल्या, वाच. मी वाचलं. आधी नंबर, मग त्यांचं मपलं नाव. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग गळ्यातला टाक काढून काकांच्या हातात दिला. आत दागिना चालत नाही म्हणून द्यावाच लागतो, पण त्यांनी तो दिला तो मंगळसूत्राच्याही आधी.

ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी नवी नर्स होती. तिनं रीतीप्रमाणे नाव विचारलं. काकूंनी मपलं सांगितलं. नर्सनं फाइलला लावलेली आधारची झेरॉक्स बघितली आणि थांबली. इथं दुसरंच नाव आहे, म्हणाली. मी पुढं होऊन समजावायला लागलो, तर ती म्हणाली तुम्ही नातेवाईक नाही, तुम्ही बाजूला व्हा. मिस्टर कोण? मिस्टरांनी सांगावं. यांचं नाव काय?

काका टाक मुठीत धरून उभे होते. वर्षभरात मी त्यांना बायकोला 'अगं' आणि 'ऐकलं का' ह्यापलीकडं हाक मारताना ऐकलं नव्हतं. आणि जे नाव त्यांनी स्वतःच्या हातानं तांदळात लिहिलं होतं, ते खोडायचं तर पहिलीला पुन्हा एकदा मेलेली म्हणायचं होतं. ते तोंड उघडेनात. स्ट्रेचरवरून काकू त्यांच्याकडे बघत होत्या. काकांनी दुसरं नाव घेतलं असतं तर त्या तिथून उठून चालू लागल्या असत्या, ह्यात मला अजिबात शंका नव्हती. मला काहीतरी वाटत होतं, आणि ते फार वाटत होतं.

काकांनी घसा खाकरला आणि काकूंचं नाव घेतलं. काकूंचंच. लग्नात उखाणा घेताना नवरदेव लाजतो तसे लाजून, खाली बघत घेतलं. काकूंनी डोळे मिटले आणि नर्सला म्हणाल्या, चला.

ऑपरेशन नीट झालं. पित्ताशय कुजायच्या बेतात होतं, आणखी थांबला असतात तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. भूल उतरायला लागली तेव्हा नर्स पट्टीवरचं नाव वाचून मोठ्यानं हाका मारत होती. दोन-तीन हाकांनंतर काकू "ओ" म्हणाल्या. माहेरी पोर देते तशी लांब ओ दिली. काका खिडकीशी गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत.

वॉर्डात त्यांना ओठ ओले करायला पाणी दिलं. मी कडेच्या स्टुलावर होतो. त्यांनी मला बघितलं, आणि जिभेला जडपणा होता तरी सावकाश विचारलं, की तुझ्या बायकूचं नाव काय व्हतं रं?

वर्षभरात मला हे कुणी विचारलं नव्हतं. वाईट झालं म्हणाले, वय काय होतं म्हणाले, इन्शुरन्स होता का म्हणाले. नाव कुणी विचारलं नाही, आणि मीही ते तोंडातून काढलं नव्हतं. मी सांगितलं. आवाज नीट निघाला नाही म्हणून पुन्हा सांगितलं. काकूंनी ते एकदा पुटपुटून बघितलं.

"ग्वाड हाय," त्या म्हणाल्या. "दुसरी आणायची तर आण. पर ह्ये तिला देऊ नगंस. ह्ये हिचंच ऱ्हाऊ दे."

नाही देणार, असं मला म्हणायचं होतं. त्या स्टुलावर बसून, नर्सच्या देखत, मी हुंदके देऊन रडलो. काकूंचा पट्टी बांधलेला हात माझ्या गुडघ्यावर होता, आणि काका टाक खिशात घालून दाराशी उभे होते.